नेर्हा येथील सुट्टी आणि दुपारचे नियोजन

स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर, मालागाच्या पूर्वेस सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या नेर्हा या गावापर्यंत रेल्वे जात नाही. मालागाहून बस घ्यावी लागते. तेथील दिवसाची आखणी करताना हे ध्यानात ठेवावे, की जुन्या वस्तीतील अनेक लहान दुकाने दुपारी दोनच्या सुमारास बंद होऊन पाचनंतर उघडतात, आणि रात्रीचे जेवण बहुतेक ठिकाणी साडेआठच्या आधी सुरू होत नाही. त्यामुळे मुख्य जेवण दुपारीच घ्यावे. कामाच्या दिवशी ‘मेनू देल दिया’ मागितल्यास ठरावीक किमतीत दोन पदार्थ, पाव आणि बहुधा गोड पदार्थही मिळतो.

शाकाहारी मंडळींनी मात्र ‘मिश्र सॅलड’ मागवताना ट्यूना नको असे स्पष्ट सांगावे, कारण तो बऱ्याचदा न विचारताच घातलेला असतो. बदाम व लसणाचे ‘आहोब्लांको’ हे थंड सूप आणि तळलेल्या वांग्यावर उसाची काकवी घालून दिला जाणारा पदार्थ अधिक भरवशाचे. ही काकवी डोंगरातील फ्रिहिलियाना या जवळच्याच पांढऱ्याशुभ्र गावात आजही तयार होते. तेथे सकाळीच जावे, कारण चढ बराच आहे. उन्हाच्या वेळेसाठी १९५९ मध्ये सापडलेल्या नेर्हाच्या गुहा राखून ठेवाव्यात, परंतु त्यांची तिकिटे आधीच काढावीत.