चौदा आणि सहा रवे: वेबसाठी भाषा निवडण्याआधी

डिप्लोमा संपत आला की कोल्हापूरच्या राजारामपुरीत क्लास शोधणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पीएचपी करू, पायथन करू का जावा? याचं एका शब्दात उत्तर देणाऱ्याची बहुधा त्याच भाषेची बॅच सोमवारी सुरू व्हायची असते.

एक गोष्ट आधी निकालात काढू. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट चालते. १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपसाठी तिचा पहिला आराखडा दहा दिवसांत उभा केला, आणि त्या घाईच्या खुणा आजही दिसतात. बटण दाबल्यावर पानावर काही हलायचं असेल तर तिला टाळता येत नाही, त्यामुळे ती शिकायचीच. निवड उरते ती सर्व्हरवर, म्हणजे साइट जिथे राहते त्या संगणकावर, काय चालवायचं याची. (जावा आणि जावास्क्रिप्टचा नावापलीकडे संबंध नाही. मुलाखतीत हे चुकणारे अजून भेटतात.)

आता एक छोटं काम डोळ्यांसमोर धरू. मार्केट यार्डात गुळाची आवक नोंदवायचा फॉर्म आहे. शेतकऱ्याचं नाव, सकाळचे रवे, दुपारचे रवे, क्विंटलचा दर. रवा म्हणजे गुळाची ढेप, ती ३० किलोची धरू. सकाळी १४ आले, दुपारी ६. एकूण किती?

फॉर्ममध्ये टाकलेलं सगळं सर्व्हरला मजकूर म्हणून मिळतं, आकडा म्हणून नाही. त्यामुळे जावास्क्रिप्टमध्ये दोन्हींच्या मध्ये अधिकचं चिन्ह टाकलं की उत्तर येतं १४६. ६०० किलो गूळ कागदावर ४,३८० किलो होतो, आणि प्रोग्राम एका शब्दाने तक्रार करत नाही. पायथनमध्ये दोन्ही मजकूर असतील तर तिथेही १४६ येतं, पण एकाचा आकडा केलेला असेल आणि दुसऱ्याचा राहिला असेल तर पायथन टाइपएरर दाखवून जागीच थांबतो. जावास्क्रिप्ट तेव्हाही १४६ देऊन पुढे जाते. पीएचपीत अधिकचं चिन्ह फक्त बेरजेला आणि मजकूर जोडायला टिंब, म्हणून तिथे थेट २० मिळतात.

पीएचपी जिंकली असं समजू नका. नोंद करणाऱ्याने मोबाइलवर मराठी कीबोर्ड लावून देवनागरीत १४ लिहिले तर? पायथनच्या इंटला, म्हणजे मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या फंक्शनला, देवनागरी अंक कळतात, ते मुकाट १४ देतं. जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन ‘नॅन’ देतं, म्हणजे हा आकडाच नव्हे. पीएचपी ८ मध्ये थेट बेरीज केली तर एरर येते, पण आधी इंटमध्ये बदलून घेतलं तर शून्य. शेतकऱ्याचे चौदा रवे शून्य झाले आणि स्क्रीनवर सगळं हिरवं. मराठी माणसांसाठी साइट करणाऱ्याने अंक आत येतानाच बदलून घ्यायचे आणि न कळणारी नोंद नाकारायची.

रकमेचा घोळ तिन्हीकडे सारखाच आहे. ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३ एवढी आहे का, असं विचारलं तर तिन्ही भाषा ‘नाही’ म्हणतात, कारण हे अपूर्णांक संगणकाच्या शून्य-एकच्या बायनरीत नेमके मांडता येत नाहीत. रक्कम रुपयांऐवजी पैशांमध्ये, पूर्णांकात ठेवा, नाहीतर डेटाबेसमध्ये डेसिमल प्रकार घ्या, बायनरी अपूर्णांकाचा फ्लोट नको.

‘कोल्हापूर’ हा शब्द किती लांब? डोळ्याला चार अक्षरं दिसतात. जावास्क्रिप्ट आणि पायथन ९ मोजतात, कारण काना, उकार, पायमोडी वेगवेगळे धरले जातात. पीएचपीचं लांबी मोजणारं साधं स्ट्रलेन २७ सांगतं, कारण ते बाइट मोजतं आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेतं. नाव दहावर कापायचं ठरवून तुकडा काढणारं साधं सबस्ट्र वापरलं तर ‘कोल’ उरतं आणि पुढे फुटक्या चिन्हाचा चौकोन. पीएचपीत मराठीसाठी एमबी हा उपसर्ग लावलेली फंक्शनं घ्यायची. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये टेबल यूटीएफ-८ एमबी-४ ठेवा आणि कनेक्शनलाही तेच सांगा. कनेक्शन लॅटिनवर राहिलं की नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात.

एवढ्याने भाषेचा स्वभाव कळतो, पण निवड बहुतेक वेळा स्वभावावर ठरत नाही. साइट कुठे राहणार आणि दोन वर्षांनी ती कोण दुरुस्त करणार, यावर ठरते.

गुजरीतलं सराफी दुकान किंवा शिरोलीतली फाउंड्री यांना हवं असतं ते असं: पाच-सात पानं, फोटो, चौकशीचा फॉर्म आणि वर्षाला कमीत कमी खर्च. शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांच्या साइट असलेल्या भाड्याच्या सर्व्हरवर, पीएचपीच्या फाइली पब्लिक एचटीएमएल फोल्डरमध्ये टाकल्या की साइट सुरू. २००३ साली आलेलं वर्डप्रेस हे साइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर पीएचपीतच आहे, आणि जगातल्या दहापैकी चारेक साइट त्यावर चालतात. तुम्ही उद्या गाव सोडलं तरी त्या दुकानदाराला दुसरा माणूस मिळतो. नोडचं, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टचं, गणित वेगळं. तिथे प्रोग्राम अखंड चालू ठेवावा लागतो, म्हणजे बहुधा व्हीपीएस (स्वतःपुरता भाड्याचा सर्व्हर), त्यावर प्रोग्राम चालू ठेवणारं पीएम-२, पुढे येणाऱ्या मागण्या आत सोडणारा एनजिनएक्स, आणि सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर हे सगळं आपोआप उठेल याची सोय. पायथनलाही असाच संसार लागतो. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कचं रनसर्व्हर हे फक्त घरच्या सरावासाठी आहे. तेच लाइव्ह ठेवून झोपी गेलेल्यांना सकाळी फोन येतात.

घरबसल्या स्थानिक कामं करायची असतील तर पीएचपी आणि वर्डप्रेस, पुढे लॅराव्हेल हे पीएचपीचं फ्रेमवर्क. हिंजवडीची नोकरीच हवी असेल तर जावा आणि तिचं फ्रेमवर्क स्प्रिंग बूट, किंवा सी-शार्प आणि डॉटनेट. या भाषा सुरुवातीला जड जातात, पण मोठ्या टीमला त्यांचा काटेकोरपणा हवा असतो. डेटा आणि एआयकडे ओढा असेल तर पायथन. एकच भाषा दोन्हीकडे चालवायची असेल तर नोड, आणि त्यावर लवकरच टाइपस्क्रिप्ट, म्हणजे प्रकार आधी जाहीर करायची जावास्क्रिप्ट. तिथे रव्यांची संख्या ‘नंबर’ म्हणून जाहीर केली की मजकूर ठेवायला गेल्यावर एडिटरच लाल रेघ मारतो. मात्र फॉर्ममधून प्रत्यक्ष काय आलं ते तिलाही दिसत नाही, तपासणी तुम्हालाच लिहावी लागते.

ठरत नसेल तर हाच गुळाचा फॉर्म दोन भाषांत करा, प्रत्येकीला पंधरा दिवस. नोंद, यादी, दुरुस्ती आणि खोडणं एवढंच. कुठली सोपी वाटली ते लिहू नका. एरर वाचून, कुणाला न विचारता, किती वेळा सुटलात ते वहीत लिहा. ज्या भाषेत हा आकडा जास्त, तिच्यात सहा महिने राहा. रोज नवा व्हिडिओ पाहून भाषा बदलणाऱ्याला कुठलीच येत नाही.

अडतं ते बहुधा भाषेबाहेर. घरच्या संगणकावर पीएचपी चालवणाऱ्या झॅम्पमध्ये अपाचे हा वेब सर्व्हर उठत नाही, कारण ८० नंबरचा पोर्ट दुसऱ्या प्रोग्रामने धरलेला असतो. सेटिंगमध्ये ८०८० करा. विंडोजवर पायथन टाकताना पाथची खूण करायची राहिली की कमांड ओळखतच नाही. प्रत्येक पायथन प्रकल्पाला वेगळं व्हेन्व (पॅकेजेसची स्वतंत्र जागा) करा, नाहीतर एकाचं पॅकेज दुसऱ्याला बिघडवतं. नोड मॉड्यूल्सचं फोल्डर सर्व्हरवर चढवत बसू नका, तिथे एनपीएम इन्स्टॉल ही पॅकेजेस आणणारी कमांड चालवा.

झेरॉक्सच्या नोट्समध्ये डेटाबेसला जोडणारं जुनं मायएसक्यूएल-कनेक्ट दिसलं तर पान उलटा. २०१५ अखेरीस आलेल्या पीएचपी ७ मधून ते काढून टाकलं आहे. त्याऐवजी पीडीओ घ्या, आणि क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत) नाव थेट चिकटवू नका, आज्ञा आणि माहिती वेगळी पाठवणारं प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा. नाहीतर नावातलं एक अवतरणचिन्ह क्वेरी मोडतं, आणि वाईट हेतूचा माणूस त्याच फटीतून सगळं टेबल वाचतो.

घरी दिसणारा लोगो लाइव्ह झाल्यावर गायब झाला तर कोड शोधू नका. फाइलच्या नावातलं इंग्रजी पहिलं अक्षर मोठं आहे का ते बघा. विंडोज लहान-मोठं एकच मानतं, लिनक्स सर्व्हर मानत नाही.

फॉर्म लाइव्ह झाला की मोबाइल घरातल्या कुणाच्या तरी हातात द्या. मराठी कीबोर्ड लावून सकाळचे चौदा, दुपारचे सहा टाकायला सांगा, आणि तुम्ही डेटाबेस उघडून किती रवे पोचले ते बघा.