जुनी फायबरची होडी घेतलीय? रंगाचा डबा आधी बाजूला ठेवा

खाडीकाठी कुणाच्यातरी माडाखाली चार-पाच वर्षं पालथी पडलेली सोळा-अठरा फुटी फायबरची होडी आणि सोबत मागे लावायचं एक जुनं टू-स्ट्रोक मशीन, म्हणजे इंजिन, असा सौदा कोकणात सहज जमतो. माझाही तसाच जमला, आणि घरी आणल्या आणल्या मी काय केलं तर रंग विकत आणला. दोन दिवस घासून निळा-पांढरा रंग मारला, झकास दिसायला लागली, आणि पंधरा दिवसांनी मशीन लावून रेस दिली तर मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, मशीनसकट मागेपुढे हलायला लागली. रंग सगळा वाया. म्हणून सांगतो, रंग सगळ्यात शेवटी.

घ्यायच्या आधीच कागद बघा. मासेमारीची होडी असेल तर मत्स्यव्यवसाय खात्याकडची नोंदणी, तशी नसेल तर मेरीटाइम बोर्डाकडची, आणि मशीनचं बिल असेल तर उत्तमच. विकणारा "होईल हो नंतर" म्हणाला तर नंतर काही होत नाही.

आता होडीची तपासणी. एक रुपयाचं नाणं घ्या आणि तळापासून काठापर्यंत, वीतभर अंतराने ठोकत जा. चांगल्या ठिकाणी टणटणीत आवाज येतो, आतले थर सुटलेत तिथे भद्द येतो, फुटलेल्या मडक्यासारखा. जिथे भद्द तिथे खडूने गोल करा. घाई करू नका, माझा अख्खा रविवार त्यातच गेला आणि मे महिन्याच्या उन्हात टाळकं तापलं, पण शेवटी काम कुठे आहे ते कळलं.

ट्रान्समला जास्त वेळ द्या. मशीन लावलेलं असेल तर पंख्याकडचा खालचा भाग धरून वर-खाली ढकला, फळी वाकताना दिसली किंवा करकरली तर आतलं प्लाय गेलंय. खात्री करायची तर आतल्या बाजूने, बोल्टच्या आसपास ४ मिमीचं एक भोक पाडा आणि ड्रिलवर काय येतंय ते बघा. पिवळट कोरडा भुसा आला तर नशीब. माझ्याकडे काळा, ओला, चहाच्या चोथ्यासारखा लगदा आला आणि वासही कुजट. बोल्टच्या भोकातून थेंब थेंब पाणी जात राहतं, बाहेरून फायबर चकचकीत आणि आत सगळं कुजलेलं.

अशा वेळी आतल्या बाजूचं फायबर ग्राइंडरने कापून काढायचं, बाहेरची कातडी तशीच ठेवायची. कुजलेलं लाकूड खरवडून काढा आणि मग नुसतं वाळू द्या, निदान दहा-बारा दिवस, रात्री दव पडतं तेव्हा ताडपत्री टाकून. नवीन प्लाय आयएस ७१० शिक्क्याचं मरीनच घ्या, फर्निचरचं उरलेलं नको. मी १८ मिमीचे दोन थर एकमेकांना चिकटवून, क्लॅम्प मारून बसवले आणि वरून मॅटचे, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या चटईचे, थर दिले. मशीनच्या बोल्टची भोकं आधी मोठी पाडायची, ती इपॉक्सीने, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट रसायनाने, भरायची, सुकल्यावर त्यात हवी तेवढी भोकं पाडायची, म्हणजे पाणी परत लाकडापर्यंत जात नाही. बोल्ट ३१६ स्टीलचे, खाऱ्या पाण्यात ३०४ ला लवकर गंज पकडतो.

मोजमाप आत्ताच घेऊन ठेवा. शॉर्ट शाफ्ट, म्हणजे आखूड दांड्याच्या मशीनला ट्रान्सम साधारण १५ इंच उंच लागतो आणि लाँगला २०. पंख्याच्या वरची आडवी प्लेट तळाच्या रेषेला किंवा इंचभर खाली यायला हवी. ती फार वर गेली तर पंखा हवा ओढतो आणि मशीन नुसतंच बोंबलतं.

तडे आणि भोकं भरायचं काम त्यामानाने सोपं, पण घाण. नुसती वरून पट्टी मारली तर ती एका सीझनमध्ये सुटते. तड्याच्या दोन्ही बाजूंना ग्राइंडरने उतार द्या, जाडीच्या बारापट, म्हणजे ५ मिमी जाड फायबर असेल तर दोन्हीकडे ६ सेंमी. अंगभर खाज सुटते, फुल बाह्यांचा शर्ट, मास्क, गॉगल घालाच, आणि घरातल्या कपड्यांबरोबर ते कपडे धुवायला टाकू नका, बायको बोलते ते वेगळंच. मग अॅसिटोनने पुसून रेझिन, म्हणजे सुकून घट्ट होणारं चिकट द्रावण, लावत ४५० ग्रॅमच्या मॅटचे थर, एकेक थर साधारण मिलीमीटरभर जाडी देतो. ब्रशने दाबून आणि रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढा, पांढरे ठिपके राहिले म्हणजे तिथे रेझिन पोचलंच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काही दुकानांत रेझिन, कोबाल्ट (रेझिन लवकर सुकवणारं) आणि हार्डनर (ते घट्ट करणारं) असे तीन डबे मिळतात. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही, अजिबात मिसळायचे नाहीत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळायचं आणि काम सुरू करताना हार्डनर, किलोला १० ते २० मिली. एप्रिल-मेच्या उकाड्यात १० च्या आसपासच राहा आणि एकावेळी पावशेर-तीनशे ग्रॅमच करा. मी हौसेने किलोभर केलं तर मगातच घट्ट होऊन धूर निघायला लागला, तो मग आणि ब्रश दोन्ही गेले. आणि हे काम पावसाच्या आत उरका, दमट हवेत रेझिन नीट सुकत नाही. साधा जेलकोट, म्हणजे फायबरचा सगळ्यात वरचा गुळगुळीत थर, हवेत वरून चिकटच राहतो, त्यावर प्लास्टिक तरी पसरा नाहीतर मेण मिसळलेला टॉपकोट मागा. इपॉक्सी जुन्या फायबरवर छान बसतं, पण इपॉक्सीवर जेलकोट नीट धरत नाही, एवढं लक्षात ठेवा.

मशीनकडे वळू. जुनं पेट्रोल पहिलं ओतून टाका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबरी पाइपाला पण मानवत नाही, त्यामुळे पाइप आणि हाताने दाबायचा बल्ब नवीनच घ्या आणि कार्ब्युरेटर खोलून जेट साफ करा. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा, दोन्ही सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर जाणत्या मेस्त्रीला दाखवल्याशिवाय पुढे खर्च करू नका.

पंखा काढा. त्याच्या मागे शाफ्टला तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, गुंडाळलेला सापडला तर आश्चर्य वाटून घेऊ नका, माझ्यात हातभर निघाला. तो सील कापतो आणि गिअरमध्ये पाणी जातं. खालचा स्क्रू ढिला करून तेल बघा, दुधाळ आलं तर सील बदलायचे. नवं तेल खालच्या भोकातून, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरायचं, उलट भरलं तर आत हवा राहते. पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर डोळे झाकून बदला, त्याला शाफ्टवर अडकवणारी बारीकशी चावी वाळूत पाडू नका, खाली चादर घालून बसा.

मशीन कोरडं कधीही चालू करायचं नाही, काही सेकंदांत इम्पेलर जळतो. मोठ्या बॅरलमध्ये पाणी भरून चालू करा आणि मागून धार येतेय ना बघा. टू-स्ट्रोकला ऑइल बहुतेक ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली, तरी मशीनचं पुस्तक बघा, आणि डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलंच घ्या, स्कूटरचं नको.

आता मारा रंग, हवा तो.

पहिली फेरी खाडीतच, भरती चढत असताना, म्हणजे मशीन बंद पडलं तर सुकती, म्हणजे ओहोटी, बाहेर ओढून नेत नाही. वल्ही, नांगर, पाणी उपसायचा डबा, लाइफ जॅकेट, आणि फोनमध्ये कोस्ट गार्डचा १५५४ टाकून ठेवा. परत आल्यावर मशीन गोड्या पाण्यात दहा मिनिटं चालवायचं. आणि मागचं, पाणी काढायच्या भोकाचं बूच. ते दोरीने मशीनच्या हँडललाच बांधून ठेवा, कारण मी पहिल्या दिवशी सगळी यादी तपासून होडी पाण्यात लोटली आणि बूच घरी, गॅलरीत, रंगाच्या डब्यावर होतं.