पात्र कमी पडतंय की भारी पडतंय? एकांकिका लिहिताना या चुका टाळा

पावसाळा लागला की पुण्यातल्या कॉलेजांत एकांकिकांच्या तालमी सुरू होतात, आणि पहिल्या वाचनानंतर दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक, ‘मेन कॅरेक्टर उठतच नाहीये.’ दोन, ‘तो दोन मिनिटांचा वॉचमनच भाव खाऊन जातोय.’ मग नट बदलले जातात, शेवटचा प्रवेश चार वेळा लिहिला जातो, तरी दुखणं जात नाही. कारण दोष बहुतेक वेळा नटात नसतो, आणि तो जिथे जाणवतो त्या प्रवेशातही नसतो. तो आठ-दहा पानं मागे असतो. या माणसाकडून काय अपेक्षा करायची, हे प्रेक्षकाने जिथे ठरवायला हवं होतं, तिथे लेखकाने त्याला काहीच दिलेलं नसतं.

पात्राचा मोठेपणा दुसऱ्यांच्या तोंडून सांगणं

ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक. समजा, सदाशिव पेठेतला वाडा आहे, पाडायची बोलणी चालू आहेत. आई, धाकटी बहीण आणि भाडेकरू काका पंधरा मिनिटं एकच म्हणताहेत, ‘दादा आला की बघेल सगळं.’ दादा येतो, चिडतो, रडतो आणि शेवटी बिल्डरच्या कागदावर सही करतो. लेखकाला वाटतं, केवढी शोकांतिका झाली! प्रेक्षागृह मात्र थंड. दादा मोठा होता हे प्रेक्षकाने फक्त ऐकलंय. जो उंच दिसलाच नाही, तो पडला तरी कोणाला कळणार?

आता एकच बदल करा. दादा आत येतो तेव्हा बिल्डरचा माणूस खुर्चीत बसलाय, पेनचं टोपण उघडून. दादा चप्पल काढतो, कागद घेतो, उभ्याउभ्याच वाचतो. तिसऱ्या पानावर बोट ठेवून विचारतो, “हे सातशे फूट कार्पेट की बिल्टअप?” समोरचा माणूस काही न बोलता पेनाला टोपण लावतो. बास. अर्ध्या मिनिटात प्रेक्षकाला कळलं की या घरात कागद वाचता येणारा माणूस आलाय. आणि शेवटी तोच दादा न वाचता सही करतो, तेव्हा कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

1919 साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त हेच केलेलं आहे. सुधाकर दारूच्या आहारी जातो एवढीच गोष्ट असती तर ती उपदेशाची पुस्तिका झाली असती. पण तो बुद्धिमान वकील आहे, मानी आहे, आणि त्याचा तो मानीपणाच त्याला कोर्टात नडतो, वकिलीच्या सनदेवर येतं. ज्या गुणामुळे आपण त्याच्याकडून अपेक्षा केली, तोच गुण त्याला खाली आणतो. आपलं पात्र कमी पडणार असेल, तर ते नेमकं कशात कमी पडणार हे पहिल्या एंट्रीतच त्याच्या बळाच्या रूपात दिसायला हवं.

शेवटी अचानक भाषण

उलट बाजूची चूक ही. तासभर खाली मान घालून वावरणारी सून शेवटच्या तीन मिनिटांत सगळ्यांना सुनावते. टाळी पडते, नाही असं नाही. पण ती टाळी विचाराला असते, सुनेला नसते. अशी संहिता वाचताना मला त्या सुनेचंच वाईट वाटतं, कारण लेखकाने तिला तासभर वाट बघायला लावून स्वतःचंच मनोगत तिच्या हातात दिलेलं असतं.

तिला आधीपासून काहीतरी करू द्या. ती रोज कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहिते. सासरे हसतात, प्रेक्षकही हसतो. पुढे घरातला भाऊ ‘मी कधीच पैसे घेतले नाहीत’ म्हणतो, तेव्हा ती भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून टेबलावर ठेवते आणि मागचे महिने उलटत जाते. दुधाच्या आकड्यांशेजारी त्याच्या रकमाही तारखेवार लिहिलेल्या आहेत. ती अपेक्षेपेक्षा मोठी निघाली, आणि तरीही ‘ही असं कसं करेल?’ असा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. मात्र कॅलेंडर पहिल्यांदा दिसतं त्या प्रवेशात त्याचं तिथलं स्वतःचं काम असलं पाहिजे. नुसती पेरणी केलेली लगेच ओळखू येते.

भारी पडणाऱ्या छोट्या पात्राला कात्री लावणं

कापू नका. आधी बघा, तो भारी का पडतोय. बहुतेक वेळा त्याला काहीतरी हवं असतं, आणि नायकाला नुसतं वाटत असतं. ‘एकच प्याला’तला तळीराम हसवणारं पात्र आहे, पण प्याला सुधाकरच्या हातात देतो तोच. त्यामुळे त्याचा प्रत्येक विनोद नाटकाला पुढे ढकलतो. तुमचा वॉचमन हशे घेत असेल तर कथेतलं एखादं खरं काम त्याच्याकडे द्या. किल्ली त्याच्याकडे असू दे.

लेखकाच्या अपेक्षेबाहेर गेलेलं पात्र मारूनही सुटका होत नाही. कॉनन डॉयलने 1893 मध्ये शेरलॉक होम्सला दरीत ढकललं, आणि 1903 मध्ये त्याला जिवंत परत आणावं लागलं.

प्रेक्षकाने घरून आणलेलं पात्र विसरणं

पौराणिक विषय घेणाऱ्यांनी इथे जास्त वेळ द्यावा. कर्ण घ्या. मराठी वाचकाच्या मनात दानशूर, अन्याय सोसलेला, अर्जुनाला सहज भारी ठरला असता असा कर्ण पक्का बसलाय. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 ते 1966 या काळात शेकडो हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. ‘मी सूताला वरणार नाही’ हे द्रौपदीचं स्वयंवरातलं प्रसिद्ध वाक्य या आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही, ते तळटीपांतल्या पाठभेदांत आहे. उलट त्या स्वयंवराच्या सभेतले ब्राह्मण अर्जुनाकडे बघून म्हणतात की कर्ण आणि शल्य यांच्यासारख्यांना जे धनुष्य वाकवता आलं नाही, ते हा पोरगा काय वाकवणार! घोषयात्रेत, म्हणजे कौरव गुरं बघायला वनात जातात त्या प्रसंगात, गंधर्वांपुढे कर्ण रण सोडून जातो, हेही तिथेच आहे.

म्हणून कोणता कर्ण खरा हा वाद रंगमंचावर नको. तुमचा कर्ण कमी पडणारा असेल तर खुशाल असू दे, मला तो जास्त जवळचा वाटतो. पण प्रेक्षकाला मनातला कर्ण बाजूला ठेवायला वेळ द्या. आधी त्याची कवचकुंडलं, त्याचं दान, त्याची मैत्री दिसू दे. पहिल्याच मिनिटाला तो पळताना दाखवलात, तर पुढचा पाऊण तास प्रेक्षक तुमच्याशी मनातल्या मनात भांडत बसेल.

सगळं शेवटपर्यंत लपवून ठेवणं

16 डिसेंबर 1972 ला ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला तो भरत नाट्य मंदिरात, म्हणजे आज कॉलेजची मुलं स्पर्धेसाठी उभी राहतात त्याच ठिकाणी. घाशीरामला पुढे करण्यामागचा नाना फडणवीसाचा हिशोब तेंडुलकर प्रेक्षकाला आधीच ऐकवतात. घाशीराम चढत जातो आणि आपल्याला त्याची भीती वाटतेच, पण त्याच्यासाठीही वाटते. जे पात्राला माहीत नाही ते प्रेक्षकाला माहीत असणं, याची ताकद धक्क्याहून टिकाऊ असते.

प्राथमिक फेरी आठवड्यावर आली असेल तर शेवटाला हात लावू नका. संहिता न वाचलेल्या एखाद्या मित्राला मुख्य पात्राची फक्त पहिली एंट्री ऐकवा आणि विचारा, ‘हा माणूस काय करू शकेल? काय अजिबात करणार नाही?’ उत्तर ‘चांगला वाटतो’, ‘गरीब आहे बिचारा’ असं आलं, तर तेवढं अर्धं पान पुन्हा लिहा. नवं अर्धं पान नट एका रात्रीत पाठ करतो. शेवटची सात पानं बदललीत तर प्रकाश, संगीत, ब्लॉकिंग (नटांच्या जागा आणि हालचाली) सगळंच पुन्हा बसवावं लागेल.