जळण फोडायचे यंत्र: फ्लायव्हीलचे घ्यावे की हायड्रोलिक?

साखर कारखान्यांचा हंगाम आटोपत आला, गुऱ्हाळांवर शेवटची आदणे लागली, की कोल्हापूर जिल्ह्यात पावसाळी जळणाची बेगमी सुरू होते. बांधावरची बाभूळ, विहिरीकडेची निलगिरी, वाऱ्यात पडलेला आंबा असे सगळे ओंडके खळ्यावर येऊन पडतात. कुऱ्हाड आणि पाचर घेऊन दिवसभर ते फोडणारी माणसे आता सहज मिळत नाहीत. त्यामुळे लाकूड फोडायच्या यंत्राची चौकशी वाढली आहे आणि विक्रेते दोन प्रकार दाखवतात. एक फ्लायव्हीलचे, ज्याला काइनेटिक म्हणतात, आणि दुसरे तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रोलिक. आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक शेतकऱ्यांनी हायड्रोलिकच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण यंत्रापेक्षा आपल्या लाकडात जास्त आहे.

काइनेटिक यंत्रात मोटर किंवा इंजिन बिडाची जड चाके, म्हणजे फ्लायव्हील, सतत फिरवत ठेवते. हँडल दाबले की चाकाशी जोडलेले पिनियन, म्हणजे लहान दातेरी चक्र, रॅकमध्ये, म्हणजे सरळ दातेरी पट्टीत, अडकते, रॅक झपकन पुढे जाते आणि ओंडका पाचरीवर आदळतो. एक ते तीन सेकंदांत काम होते आणि स्प्रिंग रॅक मागे खेचून घेते. शक्ती चाकात साठलेली असल्याने मोटर लहान चालते, हायड्रोलिक तेल-होसपाइप काही नसते. सरळ रेषेच्या लाकडावर हे यंत्र पाहिले तर भुरळ पडतेच.

पण हा एका क्षणाचा घाव आहे. चाकाचा वेग निम्म्यावर आला की साठलेली शक्ती चौथाईवर येते. ओंडक्यात गाठ असली तर पाचर मध्येच रुतते, चाक दमते आणि पुन्हा वेग घेईपर्यंत थांबावे लागते. तेव्हा हँडल दाबून धरू नका. तसेच रेटत राहिले तर पट्टा जळतो, रॅकचे दाते झिजतात, तुटतात. ओंडका फिरवा, गाठीची बाजू टाळून कडेने फळी काढा. दुसऱ्या घावालाही फुटत नसेल तर तो ओंडका बाजूला ठेवा.

आता आपल्याकडचे लाकूड पाहा. शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या रानातली बाभूळ फांदोऱ्याशी पिळलेली असते. आंबा, कडुलिंब यांचे धागे एकमेकांत गुंतलेले. चिंचेचे तर सांगायलाच नको, खाटीक मांस तोडायला चिंचेचाच ओंडका वापरतात तो फुटत नाही म्हणून. असे मिश्र, गाठाळ लाकूड फोडायला सावकाश पण न थांबणारा रेटा लागतो, आणि तो हायड्रोलिकमध्ये मिळतो. पाचर अडली तरी दाब कायम राहतो, तंतू कुरकुरत सुटतात. बऱ्याच यंत्रांत दोन टप्प्यांचा पंप असतो. लाकडाला लागेपर्यंत तो जास्त तेल सोडून दांडा लवकर पुढे नेतो आणि अडथळा आला की कमी तेल, जास्त दाब देतो. एका फेरीला दहा-पंधरा सेकंद लागतात.

त्या सेकंदांचे फार मनावर घेऊ नका. ओंडका उचलणे, नीट बसवणे, फोडलेले बाजूला करणे यातच खरा वेळ जातो. यंत्र कितीही चपळ असले तरी माणसाचा हात तेवढाच चालतो. काइनेटिकची चपळाई पुरेपूर वापरायची म्हणून एकाने ओंडका ठेवायचा आणि दुसऱ्याने हँडल दाबायचे, ही पद्धत लोक सुरू करतात. ती अजिबात नको. ठेवणाऱ्याचा हात निघायच्या आत दुसरा दाबतो आणि बोटे जातात. ओंडका ठेवणारा आणि यंत्र चालवणारा माणूस एकच हवा. दोन्ही हात गुंतल्याशिवाय न चालणारे यंत्र मिळाले तर तेच घ्या, आणि कामाला अडचण होते म्हणून त्यातला एक हँडल तारेने बांधून ठेवू नका.

यंत्राचा रेटा विक्रेता टनांत सांगेल. हायड्रोलिकचे टन आपल्याला घरी तपासता येतात. सिलिंडर, म्हणजे ज्यात तेलाच्या दाबाने दांडा सरकतो तो नळा, आतून 10 सेंटिमीटर व्यासाचा असेल तर त्याचे क्षेत्रफळ 78.5 चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला 170 किलो दाब धरला तर रेटा साधारण 13 टन येतो. त्याच सिलिंडरवर कोणी 20 टन सांगत असेल तर जवळजवळ 255 किलो दाब लागेल, मग पंप आणि होसपाइप तेवढा दाब सोसणारे आहेत का, हे विचारा. काइनेटिकच्या अंगावर लिहिलेले टन क्षणभराच्या घावाचे असतात, त्यांची हायड्रोलिकच्या टनांशी तुलना करू नका.

घरी ट्रॅक्टर असेल तर वेगळे इंजिन घ्यायची गरज नाही, ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकवर चालणारे यंत्र पुरते. मिनिटाला 20 लिटर तेल मिळाले तर वरच्याच सिलिंडरचा दांडा 60 सेंटिमीटर पुढे यायला 14 सेकंद लागतात. मात्र बऱ्याच ट्रॅक्टरांत हायड्रोलिकचे आणि गिअरबॉक्सचे तेल एकच असते. कपलिंगला, म्हणजे होसपाइपच्या जोडाला, माती लागलेली असेल तर ती थेट आत जाते, म्हणून जोडण्याआधी फडक्याने पुसा. पहिल्यांदा सिलिंडर भरल्यावर तेलाची पातळी पुन्हा पाहा.

थंड प्रदेशात हिवाळ्यात तेल घट्ट होते, म्हणून तिकडचे लोक काइनेटिककडे वळतात. आपल्याकडे तो प्रश्नच नाही. आपला त्रास उलटा, एप्रिलच्या दुपारी तेल तापून पातळ होते आणि रेटा कमी पडतो. काम सकाळी उरका आणि तेलाचा ग्रेड पुस्तिकेत दिला आहे तोच भरा. होसपाइपमधून बारीक फवारा दिसला तर गळती बोटाने शोधू नका. त्या दाबाचे तेल कातडीत घुसते, जखम टाचणीएवढी दिसते आणि आतून हात नासतो. यंत्र बंद करून दाब सोडा. तेल घुसल्याची शंका आली तरी त्याच तासाला दवाखाना गाठा.

हायड्रोलिकची दुसरी जमेची बाजू म्हणजे दुरुस्ती. सील, होसपाइप, पंप यांची कामे करणारे कारागीर उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागांत, आहेत. काइनेटिकचा रॅक आणि पिनियन कडक केलेल्या पोलादाचा लागतो, तो सुटा मिळतो का हे खरेदीपूर्वी विचारा. कोल्हापूर फौंड्रीचे गाव आहे, त्यामुळे चाक इथेच ओतून घेऊ असे वाटेल. पण ओतकामात पोकळी राहिली किंवा तोल साधला नाही तर ते चाक वेगात फुटू शकते. हा प्रयोग घरगुती पातळीवर करू नये.

काइनेटिक कोणाला शोभते? वखारवाला किंवा बेकरीला रोज एकाच मापाचे जळण पुरवणारा, आणि तेही सरळ वाढलेल्या सुरूचे, निलगिरीचे किंवा आजरा-चंदगडकडच्या आकेशियाचे. त्याला ते खरोखर परवडते. गुऱ्हाळाचे चुलवाण चिपाडावर चालते, तिथे फोडलेले लाकूड जोडीलाच लागते. न्हाणीतल्या बंबाला बारीक ढलप्या हव्यात, त्या दोन्ही यंत्रांवर निघतात.

फिरत्या शंकूचे, स्क्रूसारखे लाकडात शिरणारे स्वस्त यंत्रही बाजारात दिसते. ते घेऊ नका. साडीचा पदर, ओढणी, गमछा त्यात गेला तर माणूस ओढला जातो.

यंत्र एकट्याने घेण्यापेक्षा भावकीत किंवा गटात घेतलेले बरे, कारण वर्षातून थोडेच दिवस ते लागते. झाड तोडण्याआधी परवानगीचे पाहा. 1964 च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्यात आलेली झाडे आपल्या बांधावरची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, वाहतुकीलाही काही लाकडांना पास लागतो. आणि लाकूड ओले असतानाच फोडा, वाळलेली बाभूळ दुप्पट त्रास देते. मार्चअखेर फोडून झाले तर एप्रिल-मेचे ऊन पुरेपूर मिळते. दगडांवर आडवी लाकडे टाकून त्यावर रास रचा, वर पत्रा घाला आणि बाजू मोकळ्या ठेवा. प्लॅस्टिकने चारही बाजू गुंडाळल्या तर आतला ओलावा आतच कोंडतो आणि गगनबावडा-राधानगरीकडच्या पावसात जळणाला बुरशी येते.