हनुवटीवरचा पांढरा केस लेसरला दिसतच नाही, मग काढायचा कसा?

भाचीच्या लग्नात सांगली जिल्ह्यात तासगावला हळदीला गेलेले. आपल्याकडच्या बायका हळद लावायला बसल्या की हात आखडता घेत नाहीत, हळदीचा जिल्हाच आहे म्हटल्यावर काय, नवरी राहिली बाजूला आणि मावशीलाच जास्त माखून काढलं. रात्री तोंड धुतलं, साबणानं धुतलं, परत धुतलं, आणि सकाळी पोह्याची बशी हातात देता देता ताई म्हणते, "अगं तुझ्या दाढीची हळद तशीच र्‍हायली की." आरशात बघितलं तर हनुवटीखाली पाच-सहा केस पिवळेधमक. पांढरे होते तोवर कुणाला दिसत नव्हते, खरं तर मलाही दिसत नव्हते, हळदीनं रंगवले आणि सगळ्या मांडवाला दाखवले.

तर त्यानंतर मी जे जे केलं त्यातलं निम्मं चुकलं आणि पैसे गेले ते वेगळेच. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय.

पहिली चूक लेसर. एका ठिकाणी चौकशी केली तर तिथल्या बाई म्हणाल्या मॅडम मशीन नवीन आहे, सगळ्या कलरचे केस चालतात, सहा सिटिंगचं पॅकेज घ्या. घेतलं. चार सिटिंग झाल्यावर जे काळे होते ते खरंच कमी झाले, पण पांढरे जसेच्या तसे. ऊस तुटून गेल्यावर बांधावरची बाभळ कशी एकटीच उठून दिसते तसं झालं माझ्या हनुवटीचं.

कारण सोपं आहे, मला कुणीतरी आधी सांगायला पायजे होतं इतकंच. लेसरचा उजेड केसातल्या काळ्या रंगाला, म्हणजे मेलॅनिनला धरतो, तो रंग तापतो आणि ती उष्णता केसाच्या मुळाला जाळते. केस पिकतो म्हणजे काय होतं, तर मुळाशी रंग तयार करणार्‍या पेशीच संपलेल्या असतात. रंगच नाही तर उजेड धरणार कशाला? भुर्‍या, सोनेरी, लालसर केसांचंही तेच, त्यात तो काळा रंग नसतो किंवा अगदीच थोडा असतो. मशीन डायोड लेसरचं असो नाहीतर दुसर्‍या कुठल्या, नवीन असो नाहीतर जुनं, फरक पडत नाही. आणि "आधी काळी डाय लावू मग लेसर मारू" असं कुणी म्हणालं तर चप्पल घालून सरळ घरी यायचं, डाय केसाच्या बाहेरच्या भागाला लागते, कातडीखालच्या मुळापर्यंत जात नाही, उलट वरचा रंग तापून कातडी भाजते.

याच्यातून एक कामाची गोष्ट निघते. तुमचं वय चाळीसच्या आसपास आहे, केस अजून काळे आहेत आणि लेसर करायचं मनात आहे तर पिकायच्या आधी करा, पिकल्यावर ती गाडी गेली. पण गालावरची बारीक मऊ लव असते ना, तिच्या नादी लेसर घेऊन लागू नका. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर, चेहर्‍यावरच्या बारीक लवेवर लेसर मारला आणि केस कमी व्हायच्या ऐवजी जाड होऊन वाढले असंही होतं, डॉक्टरांना हे माहीत असतं, पॅकेज विकणार्‍याला नसतं किंवा तो बोलत नाही.

आता घरी काय करायचं ते सांगते. आधी केस दिसले पाहिजेत. बाथरूमच्या ट्यूबलाइटखाली पांढरा केस कधीच दिसत नाही. सकाळी खिडकीशी बसा, उजेड समोरून नको, बाजूनं येऊ दे, मोठं दिसणारा आरसा घ्या आणि काळी ओढणी गळ्याभोवती हनुवटीच्या मागं येईल अशी घ्या. काळ्यावर पांढरा लगेच चमकतो. मी आधी चष्मा लावून, मोबाईलची टॉर्च लावून मान मोडेस्तोवर शोधत होते, ओढणीनं दोन मिनिटात मोजून झाले, अकरा.

दहा-पंधरा केस असतील तर चिमटा पुरतो, उगाच पार्लरला जायची गरज नाही. चिमटा तिरक्या टोकाचा घ्या आणि टोकं स्पिरिटनं पुसून घ्या. कोमट पाण्याचा कपडा दोन-तीन मिनिटं हनुवटीला धरा, मग कोरडं करा, क्रीम तेल काही लावू नका. पिकलेला केस जाड आणि निसरडा असतो, चिमट्यातून सटकतो, म्हणून बोटाच्या टोकावर जराशी पावडर घेऊन तिथं लावा, पकड येते. एका हातानं कातडी ताणून धरा, केस अगदी मुळाशी पकडा आणि ज्या बाजूला वाढलाय त्याच बाजूला ओढा, झटका देऊ नका. झटक्यानं केस मध्येच तुटतो आणि मग तो कातडीच्या आतच वाढतो, वर फोडासारखं येतं. असं झालं तर सेफ्टीपिन घेऊन उकरायचं नाही हां, मी उकरलं, डाग आठ महिने राहिला. गरम कपड्यानं शेकत राहिलं की बहुतेक वेळा आपोआप वर येतो, पिकलं सुजलं तर डॉक्टर. शुगर असेल तर पहिल्यापासूनच जपून, जखम लवकर भरत नाही.

जास्त असतील तर धागा. अपर लिप आणि हनुवटीला धाग्यासारखं स्वस्त काही नाही, रंगाशी त्याचा संबंध नाही, तीन-चार आठवडे निवांत. वॅक्स हातापायाला चांगलं, चेहर्‍याला मला नाही आवडत, आणि सुरकुत्यांच्या किंवा पिंपल्सच्या रेटिनॉलवाल्या क्रीम चालू असतील तर चेहर्‍याला वॅक्स लावूच नका, कातडी पातळ झालेली असते, केसाबरोबर वरची सालच निघते. पिंपल्सच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तरी तेच.

हेअर रिमूव्हल क्रीम पांढर्‍या केसावरही चालतं कारण ते रंग बघत नाही, केस ज्या केराटिनचा असतो त्याचेच बंध तोडतं. पण कातडीतही केराटिन असतं हे लक्षात ठेवा, म्हणून पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या वर एक मिनिट ठेवायचं नाही, जाड केस निघाला नाही तरी. चेहर्‍याला फक्त चेहर्‍यासाठीचंच, आणि आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघायचं. नाजूक जागी क्रीमही नको आणि वॅक्सचे घरगुती प्रयोगही नको, तिथं छोटी कात्री नाहीतर ट्रिमर.

ब्लीच? पांढर्‍या केसाला ब्लीच म्हणजे दुधाला चुना. पण हे विचारणार्‍या बायका आहेत, म्हणून लिहिलं.

रेझर म्हटलं की सगळ्या अंगावर येतात, अगं दाढी येईल म्हणून. येत नाही. केसाची जाडी मुळात ठरते, वर कापून मुळाला काही कळत नाही. कापलेलं टोक सपाट असतं म्हणून हाताला खरखर लागतं, एवढंच. माझी सासू तर रेझर बघितला की "आवं, बाईमाणसानं काय दाढी करायची व्हय" असं म्हणायची, आता मीच तिच्या हनुवटीचे करून देते महिन्यातून दोनदा, लहान फेस रेझरनं, तिला ओढलेलं सोसत नाही आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे म्हणून हलक्या हातानं.

हळद-बेसनाचं उटणं लावून केस जातात हे आपल्या भागात प्रत्येक घरी सांगतात. बाळाच्या अंगावर कणकेचा गोळा फिरवतात तसंच ते, बाळाची लव काही दिवसांनी आपली आपणच गळते आणि श्रेय गोळ्याला मिळतं. मोठ्या माणसाचा जाड केस उटण्यानं जात नाही. पांढरा असेल तर पिवळा मात्र होतो, अनुभव वर लिहिलाच आहे.

आता कायमचं पाहिजे असेल तर. पांढर्‍या केसाला कायमचा उपाय एकच, इलेक्ट्रोलिसिस. नवीन फॅड नाही ते, 1875 साली अमेरिकेत चार्ल्स मिशेल नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं उलट्या वाढून डोळ्यात टोचणार्‍या पापणीच्या केसांसाठी काढलेली पद्धत आहे. अमेरिकेची एफडीए, म्हणजे औषधं आणि मशीनं तपासून मंजुरी देणारी तिथली सरकारी संस्था, लेसरला केस कायमचे "कमी करणं" म्हणते आणि इलेक्ट्रोलिसिसला कायमचे "काढणं", या एका शब्दातच फरक आला. केसाच्या शेजारून त्याच्याच भोकातून बारीक सुई आत घालतात, टोचत नाहीत, करंट देतात, मूळ मरतं आणि मग केस चिमट्यानं उचलतात. एकेक केस, म्हणून वेळखाऊ. लोणी काढल्यासारखा केस अलगद निघाला पाहिजे, प्रत्येक केसाला ओढल्याची कळ लागत असेल तर मूळ मेलेलंच नाही, ती बाई तुमचे फक्त केस उपटतेय, तिथंच थांबवून बोला.

जायच्या आधी काही आठवडे चिमटा, धागा, वॅक्स सगळं बंद, कारण मुळात केसच नसेल तर सुई घालणार कुठं. कात्रीनं कापलं किंवा रेझर मारला तर चालतं, पण सिटिंगच्या तीन-चार दिवस आधी तेही थांबवा म्हणजे पकडण्यापुरता वर येईल. सगळे केस एकाच वेळी वाढीच्या अवस्थेत नसतात, आज मारले त्यांच्या शेजारचे झोपलेले पुढच्या महिन्यात उठतात, म्हणून हनुवटीचं काम वर्ष-दीड वर्ष चालू शकतं. ते मनाची तयारी करूनच सुरू करा, अर्ध्यात सोडायचं असेल तर चिमटाच बरा.

सांगली-मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही पण लेसर सगळे करतात आणि हे मोजके, म्हणून आधी फोन करून थेट विचारा, इलेक्ट्रोलिसिस करता का, सुई दरवेळी नवीन फोडता का, पैसे किती वेळ लागला त्यावर घेता की किती केस काढले त्यावर. स्किनच्या डॉक्टरकडं असेल तर उत्तम. पेसमेकर असेल तर करायचं नाही, जखम भरल्यावर तिथं कातडीची जाड गाठ उठत असेल तर आधी सांगायचं. झाल्यावर लाली, बारीक खपल्या येतात, त्या खरवडायच्या नाहीत, आणि आपल्या उन्हात आठवडाभर तोंड झाकून सनस्क्रीन लावून फिरायचं, नाहीतर केस गेला आणि काळा डाग बसला असं होतं.

एक क्रीमही आहे, एफ्लॉर्निथिन, डॉक्टर लिहून देतात. केस काढत नाही, वाढ हळू करते, दिवसातून दोनदा लावायची, फरक कळायला महिना-दोन महिने, आणि बंद केली की परत पहिल्यासारखं.

पाळी जायच्या वयात हनुवटीवर चार-सहा राठ केस येणं नेहमीचं आहे, इस्ट्रोजेन उतरतं आणि पुरुषी हॉर्मोनचं पारडं जड होतं. पण थोड्याच महिन्यांत चेहरा, छाती, पोट सगळीकडे राठ केस यायला लागले, आवाज जाड झाला, डोक्याचे केस पुढून गेले, किंवा तरुण मुलीची पाळी पुढंमागं होत असेल तर चिमटा खाली ठेवा आणि रक्त तपासून घ्या, पीसीओएस, म्हणजे बायकांतला हॉर्मोनचा बिघाड, किंवा दुसरं काही असू शकतं.

पुरुषांनी पण विचारलेलं, कानातल्या पांढर्‍या केसांचं. ट्रिमर. नाकातले तर चिमट्यानं उपटूच नका, आत इन्फेक्शन होतं. आमच्या ह्यांना ट्रिमर आणून दिला, आता रविवारी खिडकीत ते कान धरून बसतात आणि मी हनुवटी, ओढणी एकच, आळीपाळीनं.