दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम आणि कॉयरचा निरोप: काय काय तयार ठेवायचं

यंदा आपला दौरा ठाण्याहून निघून पणजीत संपतोय, आणि तिथून परतल्यावर मोठी मुलं कॉयरमधून, म्हणजे आपल्या गायनवृंदातून, बाहेर पडणार. या वेळी ज्या ताई-दादांकडे व्यवस्था आहे, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते.

सगळ्यात आधी एक ठरवून टाका: निरोप समारंभ कार्यक्रमानंतर ठेवायचा नाही. पडदा पडला की कोणी नातेवाइकांच्या गराड्यात, कोणी मेकअप पुसतंय, हॉलचा माणूस दिवे घालवायला उभा आणि खाली बसवाला हॉर्न देतोय. त्यापेक्षा त्याच दिवशी दुपारी, साउंड चेकच्या बऱ्याच आधी उरकून घ्या. रडायचं ते तेव्हाच रडून होऊ दे. गळा दाटला की श्वास छातीतच अडकतो आणि सूर उतरतो. एक आल्टो (खालच्या पट्टीत गाणारी मुलगी) मुसमुसायला लागली की शेजारच्या दोघी गेल्याच म्हणून समजा. मध्ये तीन-चार तास मिळाले, तर कोमट पाणी, ज्येष्ठमध आणि थोडी झोप यांवर आवाज परत जागेवर येतो.

जाणाऱ्यांची नावं प्रत्येक आवाजाच्या गटाच्या प्रमुखाकडून तपासून घ्या. नाव राहिलं तर ते मूल काही बोलत नाही, आईवडील मात्र बोलतात. कीबोर्ड आणि तबल्यावर साथ करणाऱ्यांची नावं त्याच कागदावर लिहा. भाषणं दोनच. सर ‘दोन मिनिटं बोलतो’ म्हणाले, तर वीस धरून चाला.

भेट म्हणून ट्रॉफी नको, बॅगेत मावत नाही. ज्या फाइलीतून मूल इतकी वर्षं गायलं, तीच त्याला देऊन टाका. पेन्सिलीच्या खुणांसकट. श्वासाच्या जागी स्वल्पविराम, वरच्या सुरावर काढलेला चष्मा, म्हणजे ‘इथे सरांकडे बघ’, आणि कोपऱ्यात कुणीतरी लिहिलेलं ‘भूक लागली’. लायब्ररीसाठी त्याआधी कोरी झेरॉक्स काढून ठेवा, म्हणजे पुढच्या बॅचची अडचण होत नाही.

गाण्यांचा क्रम नीट लावा. गोव्यात शेवट करतोय, तर ‘आदेवस कोरचो वेळ पावलो’ हा निरोपाचा मांडो (गोव्यातलं संथ कोंकणी गीत) घ्यायचा मोह होणारच, आणि घ्यावाच. पण कोंकणी उच्चार कुणा गोंयकाराकडून घासूनपुसून घ्या, आपण ते मराठी करून टाकतो. मांडो संथ असतो, त्यात दुहेरी आवाजांचं काम उघडं पडतं, लपायला जागा नसते. म्हणून तो अगदी शेवटी नको. मांडोमागून दुलपद हे द्रुत लयीचं गाणं म्हणायची तिथली रीतच आहे. ती पाळली की डोळे पुसायलाही वेळ मिळतो आणि प्रेक्षक टाळ्यांवर येतात. साथीचं घुमट हे तालवाद्य मातीचं असतं, ठाण्याहून नेऊ नका, तिथेच कुणाकडून मिळतंय का आधी विचारून ठेवा.

ग्रुप फोटो कार्यक्रमाआधी काढा, काजळ जागेवर असतं. जागा उघडी असेल, तर रात्री दहानंतर माइक चालणार नाही, हे धरूनच वेळ आखा. साड्या-कुर्ते त्याच रात्री मोजून पोत्यात भरा.

परतीचं तिकीट दुसऱ्या सकाळच्या मांडवी एक्स्प्रेसचं काढा. कोकणकन्या मडगावहून संध्याकाळीच सुटते, तिच्यासाठी कार्यक्रम आवरता घ्यावा लागेल. रत्नागिरी, चिपळूणला उतरणाऱ्या मुलांच्या पालकांकडून, न्यायला कोण येणार, हे लेखी घ्या. फोनवरच्या ‘हो हो, येतो’वर मूल सोडायचं नाही. रत्नागिरीनंतर करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. तिथे मुलं हमखास ओरडून गातात. गाऊ द्या, आता आवाज बसला तरी चालतो.

घरी पोचल्यावर पहिले काही दिवस मुलांना फार सुनं लागतं, विशेषतः जी आता परत येणार नाहीत त्यांना. महिन्याभरातल्या एखाद्या रविवारी सगळ्यांना रेकॉर्डिंग ऐकायला बोलवा आणि ती तारीख गाडीतच सांगून टाका. व्हॉट्सॲप ग्रुपमधून त्यांना लगेच काढू नका. आणि हो, जमाखर्चही गाडीतच पनवेलच्या आत लिहून काढा, घरी गेल्यावर पावत्या सापडत नाहीत.