‘आय लाइक’ स्पॅनिशमध्ये आणताना आधी मराठीत म्हणून पाहावे

‘आय लाइक कॉफी’ या वाक्याचे स्पॅनिश करताना नवशिके हमखास ‘यो गुस्तो काफे’ असे लिहितात, कारण इंग्रजीतला ‘आय’ त्यांच्या मनातून हलत नाही. मराठी भाषकाने हे वाक्य आधी मनात मराठीतून म्हणावे: ‘मला कॉफी आवडते.’ येथे आवडण्याची क्रिया कॉफीकडे आहे आणि माणूस ‘मला’ या रूपात येतो. स्पॅनिशमधील ‘गुस्तार’ हे क्रियापद नेमके याच वळणाने चालते, म्हणून ‘मे गुस्ता एल काफे’. कॉफीआधीचे ‘एल’ हे उपपद मराठीत नाही, पण तेथे ते गाळता येत नाही.

क्रियापद आवडणाऱ्या वस्तूच्या वचनाप्रमाणे बदलते: ‘मला आंबे आवडतात’ म्हणजे ‘मे गुस्तान लोस मांगोस’. आपण ‘आंबा आवडतो’ आणि ‘कैरी आवडते’ असा लिंगभेदही करतो. स्पॅनिश क्रियापदाला तो लागत नाही. एखादी कृती आवडत असेल तर तिचे मूळ रूप वापरावे, आणि कृती दोन असल्या तरी ‘गुस्ता’ एकवचनीच राहते: ‘मे गुस्ता कांतार इ बायलार’, म्हणजे मला गायला आणि नाचायला आवडते.

‘तुला’साठी ‘ते’ आणि ‘आम्हाला’साठी ‘नोस’ लक्षात ठेवणे सोपे आहे. ‘ले’ मात्र जपून वापरावे, कारण त्याला, तिला आणि आदराने संबोधलेल्या व्यक्तीला हे एकच रूप चालते. म्हणून कोणाला ते नाव घेऊन स्पष्ट करतात, आणि नाव घेतले तरी ‘ले’ सोडत नाहीत: ‘आ मारिया ले गुस्ता एल ते’, शब्दशः ‘मारियाला तिला चहा आवडतो’. मराठीत ही द्विरुक्ती खटकते, त्यामुळे आपल्याकडून नेमके हेच ‘ले’ सुटते.

कोणी आपली आवड सांगितल्यावर ‘मलाही’ म्हणायचे असेल, तर ‘यो ताम्ब्येन’ नव्हे, ‘आ मी ताम्ब्येन’ म्हणावे. ‘मीही’ आणि ‘मलाही’ यांतला फरक ज्याच्या कानाला कळतो, त्याला हा नियम वेगळा पाठ करावा लागत नाही.

माणसांविषयी बोलताना सावध राहावे. एखाद्याला ‘मे गुस्तास’ म्हटले तर त्यात बहुधा प्रेमाचे आकर्षण ऐकू येते. सहकाऱ्याविषयी साधी आपुलकी सांगायची असेल तर ‘मे काएस ब्येन’ म्हणणे योग्य. उपाहारगृहात ‘आय वुड लाइक’ म्हणताना तर आवडीचा प्रश्नच नसतो, ती नम्र मागणी असते. तेथे ‘किस्येरा उन काफे’ म्हणावे.